टोच

तांबडी कोंबडी मी भाद्रपदात दुसऱ्याच्या हाती दिली. तिची चूक नव्हती, हे मला आश्विनात कळलं.

परसात अकरा कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. वरून कोकणातला पाऊस. एरवी दिवसभर वाडीत मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्या जूनपासून खुराड्यापुढच्या जाळीत कोंडलेल्या. वर पत्रा, खाली चिखल. श्रावण सरता सरता ठिपकीच्या शेपटीच्या मुळाशी कातडी दिसू लागली. आठवड्यात पाठ उघडी पडली. मग एका सकाळी तिथे रक्त होतं. मी जाळीसमोर उभी राहिले आणि हे कोण करतंय ते शोधू लागले. तांबडी सगळ्यांत थोराड, दाण्यावर सगळ्यांच्या आधी येणारी, आड येईल तिच्या डोक्यात टोच मारणारी. माझ्या डोळ्यांदेखत तिने ठिपकीला टोचलं. मला तेवढा पुरावा पुरला.

कारण शोधायला दिवस लागतात. गुन्हेगार उभ्या उभ्या सापडतो.

तांबडी गेली. ठिपकीची पाठ तशीच राहिली. आठ दिवसांनी काळीचीही उघडी पडली.

*

टोच एकाच जातीची नसते.

डोक्यावर बसते ती हुकमाची. वरून, झटक्यात, तुऱ्यावर नाहीतर मानेच्या मागे. खाणारी चिरकते, बाजूला होते, आणि तिथेच ते मिटतं. पाठीवर, शेपटीच्या मुळाशी बसते ती वेगळी. ती मारणारी रागावलेली नसते. मागून येते, एक पीस चोचीत धरते, ओढते, कित्येकदा गिळूनही टाकते. जिचं पीस जातं ती कधी कधी हलतसुद्धा नाही.

पहिली टोच घरात ऐकू येते. दुसरीला आवाज नाही. तांबडी पहिली मारत होती. पाठी उघड्या पडत होत्या दुसरीने.

सासूबाई म्हणायच्या, "आधी बघ गं, मग हात लाव." त्यांचं बघणं म्हणजे पायरीवर बसून तांदूळ निवडत तासभर बघणं. माझं बघणं म्हणजे जाता-येता टाकलेली नजर. कोंबडी पाळणाऱ्याला आधी स्टूल लागतं, औषध नंतर.

*

नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डरुप-एब्बे याला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणाला टोचते, कोण टोच खाऊन घेते, याच्या त्याने नोंदी ठेवल्या आणि १९२२ साली त्या जर्मन भाषेत छापल्या. कोंबड्यांत पायऱ्या असतात; पहिली सगळ्यांना टोचते, शेवटची कोणालाच नाही; आणि प्रत्येकीला आपली पायरी ठाऊक असते. जगभरच्या भाषांत माणसांच्या कचेऱ्यांबद्दल जे शब्द आज वापरले जातात, त्यांतला एक, 'पेकिंग ऑर्डर', या नोंदींतून आला आहे.

आपल्याकडे अशा पायऱ्यांना शब्द आहे: उतरंड. एकावर एक रचलेली मडकी. ती दिसायला जुलमी दिसते, खालच्या मडक्यावर सगळा भार. पण एकदा नीट बसलेली उतरंड हलत नाही, वाजत नाही. कोंबड्यांचंही तसंच. पायऱ्या ठरेपर्यंत मारामारी. ठरल्या की नुसती मान वर केली तरी समोरची सरकते. उतरंड भांडणातून जन्मते आणि भांडण थांबवण्यासाठीच टिकते.

तिच्यातलं एक मडकं मी काढून घेतलं होतं. तांबडी गेल्यावरच्या आठ दिवसांत उरलेल्या दहा जणींनी आपापल्या पायऱ्या नव्याने ठरवल्या. शांततेसाठी केलेल्या कामातून झालेला तो कलकलाट मी खिडकीतून ऐकत होते.

एखादी खरोखरच छळणारी निघते, हेही खरं. तिच्यासाठी जुना उपाय आहे: तिला चार-पाच दिवस वेगळी ठेवायची. परत येते तेव्हा तिची पायरी भरलेली असते आणि तिला खालून सुरुवात करावी लागते. जिला छळलं जातं तिला वेगळं काढण्याची आपल्याला घाई असते. पण परत आल्यावर ती आणखीच खाली जाते.

*

नवी कोंबडी आणायची तर सासूबाई अंधार पडल्यावरच दांड्यावर ठेवायच्या. कोंबडीला अंधारात फार कमी दिसतं. बाकीच्या सकाळी उठून पाहतात तर ती आपल्यातच बसलेली. मला हे मोठं शहाणपण वाटायचं. आता वाटतं, रात्र भांडण फक्त सकाळवर ढकलते. खरं काम जाळी करते. दोन आठवडे नवीला शेजारी, जाळीपलीकडे ठेवायचं. दिसू दे, ऐकू येऊ दे, टोच पोचू देऊ नको. आणि एकटी आणू नये. दोघी-तिघी आणाव्यात, म्हणजे मार वाटला जातो. तलंग असेल तर अंगाने भरेपर्यंत थांबावं.

जाळी काढायच्या दिवशी दाण्याची भांडी दोन हवीत, दोन टोकांना. एक फळी भिंतीला तिरकी लावलेली हवी, तिच्यामागे दडता येईल अशी. पळायला जागा असली की भांडण लहान राहतं. कोपऱ्यात सापडलेली कोंबडी हरली तरी मार खात राहते, कारण हरल्यावर दूर जायचं असतं आणि तिला जाताच येत नाही.

*

आता ती बिनआवाजाची टोच.

सह्याद्रीच्या रानात राखी रानकोंबडा पाचोळ्यात उकरताना एकदा तरी पाहावा. दोन्ही पायांनी पानं मागे फेकायची, एक पाऊल मागे, मान खाली, टोच, परत पानं. दिवसच्या दिवस. आपली गावठी कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याच्या वंशातली, पण तिचे पिवळे पाय आले ते या राखी रानकोंबड्याकडून. २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून ते कळलं. पाय ज्याच्याकडून आले, पायांचं काम तेच.

मेरियन डॉकिन्स यांनी एका प्राणिसंग्रहालयातले तांबडे रानकोंबडे मिनिटामिनिटाला पाहिले. १९८९ साली त्यांनी लिहिलं: पाहिलेल्या मिनिटांपैकी ६० टक्के मिनिटांत ते जमीन टोचत होते, ३४ टक्के मिनिटांत उकरत होते. आणि त्यांना दाणा तर नेमाने मिळत होता. पोट भरलेलं असूनही ती चोच चालूच राहिली.

हे समजायला मला फार वेळ लागला. मला वाटे, कोंबडी उकरते ती भुकेने. दाणा वाडग्यात दिला की ती मोकळी झाली. खरं तर वाडग्यातून आपण तिला अन्न देतो आणि दिवस काढून घेतो. दहा मिनिटांत पोट भरतं. उरलेले अकरा तास चोचीने करायचं काय? खाली चिखल; त्यात टोचण्याजोगं काही नाही. समोर दुसरीची पाठ; तिच्यावर पिसं, हलणारी, कडेला पातळ झालेली, पाचोळ्यासारखी. हॉलंडच्या ब्लोकहाउस यांनी १९८६ साली हे नेमकं मांडलं: पीस ओढणं हा भांडणाचा प्रकार नाही. जमिनीकडे जायची ती टोच, जमीन न सापडल्यामुळे पाठीकडे वळलेली.

म्हणजे काळी-ठिपकीच्या पाठी हीच माझ्या खुराड्यातली जमीन झाली होती.

धुळीचंही तेच. कोंबडीला मातीत लोळायचं असतं. त्याने अंगावरच्या उवा झडतात, पिसांतलं जुनं तेल निघतं. कोरडी माती नसली तर ती काय करते? नुसत्या जाळीवर बसते आणि लोळते. पंखांनी नसलेली धूळ अंगावर उडवते, मान घासते, पिसं फुलवते, उठून झटकते. मी हे पाहिलंय. ते पाहिल्यावर या कोंबडीला वाईट सवय लागली आहे असं वाक्य माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

*

मी काय काय केलं होतं, ते एकदा ओळीने पाहिलं.

पावसात बाहेर सोडलं नाही. वाळवी, गांडुळं, नाकतोडे बंद झाले. मी देत होते तांदळाच्या कण्या आणि कोंडा. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. जिच्या अन्नात ते कमी पडतं तिला दुसरीच्या अंगावर ते दिसतं. मिठाचंही असंच; फार कमी पडलं तरी टोच वाढते.

मुंगसाच्या भीतीने खुराड्यात मोठा बल्ब लावला होता, रात्रभर. झगझगीत उजेडात टोच वाढते, आणि रक्ताचा ठिपका लांबून दिसतो. मुंगूस आलं नाही. त्याच्यापासून वाचवायला लावलेल्या उजेडात ठिपकीची पाठ गेली.

आणि जागा. पावसाआधी तीन तलंगा वाढवल्या होत्या, खुराडं तेवढंच ठेवून.

यांतल्या एकाही गोष्टीवर तांबडीचं नाव नव्हतं.

मग गिरणीतून भाताच्या तुसाची पोती आणली आणि चिखलावर वीतभर थर घातला. सकाळचा अर्धा दाणा वाडग्यात, अर्धा तुसात फेकून. आठवड्यातून तीनदा सुका जवळा, दोन पाण्यांतून धुऊन, कारण मीठ फार झालं तर कोंबडी मरते. मुळ्याचा पाला चोच जेमतेम पोचेल इतक्या उंचीवर टांगला. पडवीच्या कोपऱ्यात घमेलंभर चाळलेली माती आणि चुलीतली राख. बल्ब काढून खुराड्याच्या दाराला बारीक जाळी लावली. ठिपकीला जखम भरेपर्यंत वेगळ्या डालग्यात ठेवलं, पण जाळीला लागून, सगळ्यांना दिसेल अशी, म्हणजे तिची पायरी अगदीच जाऊ नये.

काही मोठं घडलं नाही. फक्त आवाज बदलला. दुपारी जिथे शांतता असायची आणि मधेच एक चिरक, तिथे आता दिवसभर खसखस ऐकू येऊ लागली. उकरण्याचा तो आवाज मला पावसापेक्षा आवडतो.

*

माणसाने यावर दुसरे उपायही काढले आहेत, आणि ते सगळे कोंबडीच्या तोंडावर बसवलेले आहेत.

१९०३ साली अमेरिकेत कोंबड्यांच्या चष्म्याचं पेटंट घेतलं गेलं. दुसरीच्या टोचेपासून डोळे वाचवायला. पुढे लाल काचांचेही निघाले, म्हणजे लाल रक्त लाल जगात दिसू नये. नाकपुडीला अडकवायचे चष्मे ते.

मोठ्या पोल्ट्रीत पिल्लू आठ-दहा दिवसांचं असताना तापलेल्या पात्याने त्याच्या चोचीचं टोक उडवतात. आकडे सांगतात की मरतुक कमी होते, आणि ते खोटं नाही. पण चोच म्हणजे नख नव्हे. तिच्यात टोकापर्यंत संवेदना पोचवणाऱ्या नसा आहेत. कोंबडी तिने दाणा पारखते, पीस विंचरते, पिल्लापुढे कण टाकते. ती कापल्यावर उरलेल्या टोकात नसांच्या गाठी होतात आणि दुखणं मागे राहू शकतं, हे १९८० च्या दशकापासून माहीत आहे. चोचीला काम न देता चोचच कमी करायची, हा हिशेब मला मान्य नाही. दहा-बारा कोंबड्यांच्या परसात तर त्याला कसलीच सबब नाही.

*

तांबडीबद्दल मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते एका प्रयोगाने.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी अंड्यांवरच्या कोंबड्या निवडल्या. नेहमीची रीत अशी की जी सर्वांत जास्त अंडी देते तिची पुढची पिढी वाढवायची. म्यूर यांनी कोंबडी निवडली नाही, आख्खा पिंजरा निवडला. एका पिंजऱ्यात बहिणी-बहिणी ठेवलेल्या. ज्या पिंजऱ्याने मिळून जास्त दिलं, त्यातल्या सगळ्या घेतल्या. चोची कापलेल्या नव्हत्या. दुसऱ्या पिढीत वर्षाला ६८ टक्के कोंबड्या मरत होत्या. चौथ्या पिढीत ८.८ टक्के. हे १९९६ साली छापून आलं.

सर्वांत जास्त देणारी कोंबडी बऱ्याचदा शेजारणीच्या वाट्याचंही घेत असते. तिची एकटीची मोजदाद करणाऱ्याला ती उत्तम दिसते. म्यूर यांनी मोजायची जागा बदलली आणि चांगली कोंबडी या शब्दाचा अर्थ बदलला.

मी याच्या उलट्या टोकाला तीच चूक केली होती. त्यांच्याआधीचे लोक एकटीला बक्षीस देत होते. मी एकटीला शिक्षा दिली. दोन्हीकडे पिंजऱ्याकडे कोणी पाहिलं नाही.

*

अंडं फोडून खाणारी कोंबडी. हिच्याबद्दल गावात सर्वांत जास्त उपाय सांगतात आणि सर्वांत जास्त राग असतो. आपण ठेवलेल्या अंड्यावर तिने चोच टाकली, ही चोरी वाटते. अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बायकांचे असतात, त्यामुळे रागही त्यांचाच असतो. मीही रागावले होते.

ठरलेला उपाय: रिकाम्या कवचात लाल तिखट भरून टोपलीत ठेवायचं. मी ठेवलं. काळीने ते फोडलं, आतलं तिखट शांतपणे खाल्लं आणि चोच पुसली.

तिखटाचा दाह ज्या ग्राहीमुळे आपल्याला जाणवतो, तो पक्ष्यांतही असतो. पण मिरचीतल्या कॅप्सेसिनला तो दाद देत नाही. कोंबडीतल्या त्या ग्राहीचा उलगडा २००२ साली झाला. मिरचीचा डाव त्यात दिसतो: उंदीर-घुशी बी चावून टाकतात, त्यांना जाळायचं, पक्षी बी अख्खं गिळून लांब नेऊन टाकतात, त्यांना सोडायचं. लाखो वर्षांपूर्वी मिरचीने ज्यांना माफ केलं, त्यांना आपण तिखटाने शिक्षा करायला निघालो होतो.

शिक्षा करणारा नेहमी आपलीच जीभ धरून चालतो.

अंडं खाण्याची सुरुवात बहुतेकदा फुटक्या अंड्याने होते, आणि अंडं फुटतं कवच पातळ असलं तर. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. ते घडायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी दांड्यावर डोळे मिटून बसलेली असते तेव्हा. म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी द्यावा. आमच्याकडे कालवांच्या आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग विहिरीमागे पडलेला होता, आणि कोंबड्या विहिरीच्या या बाजूला कोंडलेल्या होत्या. दहा पावलांचं अंतर होतं ते.

चुरा सुरू केला. टोपल्या अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवल्या, तळाशी पेंढा वाढवला. दिवसातून तीनदा अंडी उचलली. एक लाकडी अंडं ठेवलं. ते टोचून टोचून काळी कंटाळली. पंधरवडा गेला.

कोंबडीचं अंड्याचं चक्र चोवीस तासांहून थोडं जास्त असतं. म्हणून ती रोज थोडी उशिरा घालते, आणि एखाद्या दिवशी घालतच नाही. घरातली माणसं त्या दिवशी तिच्याकडे संशयाने पाहतात.

*

खुडूक कोंबडी.

अंडं देणं बंद, टोपलीतून उठणं बंद, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते, पोटाखालची पिसं स्वतः उपटून काढते. बाजारात अंड्याला भाव असताना ही बसलेली. मग तिला पाण्यात बुडवतात, पाय बांधतात, नाकपुडीतून पीस आरपार घालणारेही मी पाहिले आहेत.

खुडूक होणं ही खोड ठरली ती आपल्याला अंडं खायचं होतं म्हणून, आणि पुढे इन्क्युबेटर आलं म्हणून. त्याआधी हीच खोड नसती तर कोंबडीच उरली नसती. लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून ती जवळजवळ काढून टाकली. एकवीस दिवस न हलता बसायची ताकद, दिवसातून एकदा उठून घाईघाईने चार दाणे आणि पाणी, परत येऊन चोचीने अंडी फिरवणं. शेवटच्या दिवसांत अंड्याच्या आतून पिल्लू आवाज देतं आणि ती बाहेरून हलकेच उत्तर देते. यातलं काहीही तिला कोणी शिकवलेलं नसतं.

पिल्लं नको असतील तर तिला गारवा द्यावा, मार नव्हे. पोटाखालची ऊब आणि अंड्याचा स्पर्श यांनी प्रोलॅक्टिन वाढतं, आणि तेच तिला बसवून ठेवतं. तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात, खाणंपाणी समोर ठेवून, तीन-चार दिवस. खालून वारा लागतो आणि शरीर हळूहळू समजतं.

मी मात्र आता वर्षातून एकीला तरी बसू देते. हिशेबात ते तोट्याचं आहे. तरी बसू देते.

*

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आपण म्हणतो. आरवायचंही राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठात शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले. सकाळ कुठली आणि रात्र कुठली हे बाहेरून कळायची सोय नव्हती. तरी ते आपापल्या वेळेला आरवत राहिले. घड्याळ आत आहे. हे २०१३ चं. दोन वर्षांनी त्यांनी आणखी एक सांगितलं: आरवायला सुरुवात नेहमी वरच्या पायरीचा कोंबडा करतो, बाकीचे पायरीप्रमाणे मागोमाग. पहाटेलाही उतरंड आहे. शेजाऱ्यांची तक्रार आली की कोंबडा दुसरीकडे देता येतो, बदलता येत नाही.

आणि आरवणारी कोंबडी. जुनी माणसं तिला अपशकुनी म्हणतात, आणि ती त्याच दिवशी कापली जाते. कारण साधं आहे. कोंबडीचं डावं अंडाशयच काम करतं. ते आजाराने बिघडलं तर उजवीकडचा सुप्त अवयव वाढतो, तुरा मोठा होतो, आवाज फुटतो. कोंबडा नसलेल्या कळपात कधी वरच्या पायरीची धडधाकट कोंबडीही आरवते. युरोपही यात मागे नव्हतं. १४७४ साली बाझल शहरात अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालला आणि त्याला जाळलं. गुन्हा शरीराचा होता. कोणाचं शरीर कसं असावं ते न्यायाधीशांनी ठरवलं होतं.

आजारी जिवावर अपशकुनाचा आरोप ठेवणं मला टोचेपेक्षा क्रूर वाटतं. टोच निदान जमीन शोधत असते.

*

आश्विनात ऊन पडल्यावर मी तांबडीला आणायला गेले. नदीपलीकडचं घर, तिथल्या काकूंना मी ती दिली होती. कुंपणाबाहेर उभी राहून आधी पाहिलं. त्यांच्या चौदा कोंबड्यांत ती होती. दाणा पडला तेव्हा ती मागे थांबली. सात-आठ जणींचं झाल्यावर पुढे आली. तिच्या तुऱ्यावर खपलीच्या दोन जुन्या खुणा होत्या. आमच्याकडे ती अशी कधी कोणासाठी थांबलेली मी पाहिली नव्हती.

काकू म्हणाल्या, "ने ना, नेतेस तर. तुझीच आहे."

मी हिशेब केला. इथे तिने मार खाऊन एक पायरी मिळवली होती. नेली तर या चौदा जणींची घडी मोडणार. माझ्या दहा जणी तिला ओळखणार नाहीत, किंवा ओळखतील आणि वरची जागा देणार नाहीत. तिला तिसऱ्यांदा सगळं सुरू करावं लागणार. आपली चूक दुरुस्त करायची माझी इच्छा खरी होती, पण त्या दुरुस्तीचा मार परत तिलाच बसणार होता.

तिने मान तिरकी करून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं, आणि दाण्याकडे वळली.

मी काकूंकडे जवळा देऊन परत आले.

*

यंदा वैशाखातच पातेरा गोळा केला. पेरणीआधी जमीन भाजायला, भाजावळीला, लागतो तोच. शेतातल्या माणसांशी त्यावरून थोडं बोलणंही झालं. काजूचा, आंब्याचा, फणसाचा, सुकलेला, बारा पोती. पडवीत छपराखाली रचून ठेवली आहेत.

ठिपकीच्या पाठीवर पिसं आली, मग या उन्हाळ्यात गळली, आता पुन्हा येत आहेत. नवं पीस आधी काडीसारखं निघतं, निळसर, आत रक्त भरलेलं. त्या दिवसांत एक टोच बसली तरी भळभळतं. म्हणून दुपारचं निवडण-टिपण मी तिथेच नेते, स्टूलावर.

आज श्रावणातला तिसरा मंगळवार, पाऊस सकाळपासून. चौथं पोतं उघडलं. पानांबरोबर एक गोम बाहेर पडली आणि दहा जणी एकदम धावल्या. काळीने ती धरली, ठिपकी तिच्यामागे जाळीच्या त्या टोकापर्यंत पळाली, आणि बाकीच्या पानं मागे फेकायला लागल्या.